तेरेखोलपलीकडचे चर्च : रोमबाहेरच्या कॅथलिकांची कोकणातून निघालेली गोष्ट

१/
सतराव्या शतकात बांदा आणि वेंगुर्ले या आजच्या सिंधुदुर्गातील दोन गावी एका बिशपने चर्च उभारले. तो युरोपीय नव्हता. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरील म्हाळे घराण्यातला तो ब्राह्मण ख्रिस्ती होता. पोपने त्याला बिशप केले होते. पण गोव्यातील पोर्तुगीज सत्ता त्याला बिशप मानायला तयार नव्हती. आजचा धागा त्याच्यापासून निघून कोट्टायम, कोलंबो, शिकागो असा फिरत सॅन फ्रान्सिस्कोतील एका जॅझ-चर्चपर्यंत जाणार आहे. वाटेत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटेल : चर्च नेमके कोणाचे?

२/
पुढे जाण्याआधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला ‘पाद्रुआदो’. पूर्वेकडील समुद्रमार्गांवर चर्च उभारायची, पाद्री पाठवायचे, त्यांचा खर्च उचलायचा. त्या बदल्यात बिशप सुचवण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाचा. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपनेच ही सवलत दिली होती. दुसरा शब्द ‘प्रोपागांदा’. धर्मप्रसाराचे काम राजांच्या हातून काढून थेट रोमच्या देखरेखीखाली आणण्यासाठी १६२२ साली स्थापन झालेली ही परिषद. एकाच धर्माची दोन कार्यालये आणि दोघांचा दावा एकाच भूमीवर! हिंदुस्थानातील कॅथलिकांचा पुढचा तीनशे वर्षांचा इतिहास या ओढाताणीने घडवला.

३/
आता भूगोल. गोव्यातील पोर्तुगीज अंमल त्या काळी तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी एवढ्यापुरताच होता. डिचोली, बांदा, वेंगुर्ले हा मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा. म्हणजे एखादी नदी ओलांडली की राजाचा हात संपत असे. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले, तेव्हा भक्तांनी देवाला असेच पलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार करवला, तेच हे देवस्थान. पण नदीपलीकडचा आसरा केवळ हिंदूंनाच लागला असे नाही.

४/
त्याच दिवाडीचा मातेउस दे कास्त्रो, जन्म १५९४च्या सुमाराचा. त्याला पाद्री व्हायचे होते. पण गोव्यातील युरोपीय धर्माधिकारी एतद्देशीयांना जबाबदारीची पदे देण्यास राजी नसत. धर्मसंघांची दारे त्यांना बहुधा बंदच होती, आणि दीक्षा मिळालीच तर वाट्याला दुय्यम चाकरी येई. तेव्हा हा तरुण लिस्बनचा नाद सोडून खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला. तेथे प्रोपागांदाचा सचिव फ्रान्चेस्को इंगोली याला असेच मनुष्य हवे होते : या देशात जन्मलेले, आणि राजाच्या मुठीत नसलेले.

५/
कास्त्रो रोममध्ये शिकला, पाद्री झाला आणि १६३७ साली त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली. लॅटिन विधी पाळणाऱ्या चर्चचा तो पहिला भारतीय बिशप. त्याचे कार्यक्षेत्र ‘इदाल्काँ’, म्हणजे आदिलखानाचा मुलूख. तो परतला तेव्हा गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्याची नेमणूकपत्रेच अमान्य केली. त्याने ज्यांना पाद्री केले, त्यांच्या दीक्षांनाही हरकत घेण्यात आली. त्या वेळी गोव्यात राहणारा इथिओपियाचा पॅट्रिआर्क आफोन्सो मेंदिस याने तर त्याच्या वर्णावरून अत्यंत हीन शब्दांत त्याची हेटाळणी केली. पोपची मुद्रा असूनही कातडीचा रंग आड आला.

६/
मग कास्त्रोने नदी ओलांडली. त्याने डिचोलीस मुक्काम केला आणि डिचोली, बांदा व वेंगुर्ले येथे चर्च बांधले. या जागांची निवड अर्थपूर्ण होती. त्या पोर्तुगीज हद्दीबाहेर होत्या आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांना जाण्यायेण्याच्या अंतरावर होत्या. वेंगुर्ल्यास तर पोर्तुगीजांचे कट्टर वैरी असलेल्या डचांची वखारही होती. पोपचा बिशप, मुसलमान सुलतानाचा मुलूख आणि प्रोटेस्टंट डचांचा शेजार! कॅथलिक राजाने नाकारलेल्या कॅथलिकाला आधार मिळाला तो येथे.

७/
१६५३ साली त्याने ‘ब्राह्मणांचा आरसा’ अशा अर्थाच्या नावाचा एक मजकूर लिहिला आणि गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांना पोर्तुगीज जाचाची जाणीव करून दिली. पुढे विजापूरकरांनी गोव्यावर स्वारी केली, तेव्हा तिला याचीच चिथावणी होती असा आरोप पोर्तुगीजांनी केला. येथे क्षणभर थांबायला हवे. त्याची हाक ‘ब्राह्मणांना’ होती. गोव्यातील ख्रिस्ती समाजात जाती उरल्या होत्या, चर्चच्या मंडळांतही त्या पाळल्या जात. कास्त्रोचा लढा समतेचा होता. पण त्याच्या ‘आपण’मध्ये सगळे नव्हते.

८/
१६५८च्या सुमारास कास्त्रो रोमला परतला आणि १६७७ साली तेथेच वारला. एक गोष्ट ध्यानात ठेवा : त्याने रोम कधीच सोडले नाही. उलट रोमवरच त्याची सारी भिस्त होती. त्यामुळे त्याला ‘स्वतंत्र चर्चचा’ प्रवर्तक म्हणणे चुकीचे ठरेल. पण त्याने एक प्रश्न मागे ठेवला. याच मातीतल्या माणसाने याच मातीतल्या चर्चचे नेतृत्व करायला कोणाची हरकत असावी, आणि का? त्या प्रश्नाला रोमकडूनही उत्तर मिळाले नाही तर पुढे काय, हे कळायला आणखी दोन शतके जावी लागली.

९/
दरम्यान तेरेखोलपलीकडे ख्रिस्ती वस्ती वाढत राहिली. इन्क्विझिशनचा धाक, करांचा बोजा, साथी, लढाया अशा नाना कारणांनी गोव्यातून कुटुंबे सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागांत येऊन स्थिरावली. घरात कोंकणी-मालवणी, शाळेत व कचेरीत मराठी, चर्चमध्ये लॅटिन अशी त्यांची तऱ्हा. ती राहिली सावंतवाडीकर भोसल्यांच्या किंवा पुढे इंग्रजांच्या मुलखात, मात्र त्यांचे धर्मगुरू येत गोव्याहून. राज्याची हद्द एक, धर्माची दुसरी.

१०/
आता ‘रोमबाहेरचे कॅथलिक’ म्हणजे काय ते पाहू, कारण अनेकांना हा शब्दप्रयोगच विसंगत वाटतो. कॅथलिक समजुतीनुसार बिशपपद ही एक परंपरा आहे. प्रेषितांनी ज्यांच्या मस्तकी हात ठेवले त्यांनी पुढच्यांवर ठेवले, अशी अखंड साखळी. आपल्याकडील गुरुपरंपरेसारखी. ही साखळी ज्याच्यापर्यंत आली, त्याने पोपची आज्ञा मोडली तरी त्याने दिलेली दीक्षा नियमबाह्य ठरते, पण ती झालीच नाही असे म्हणता येत नाही. स्वतंत्र कॅथलिक चर्चांचा सारा इमला या एका बारकाव्यावर उभा आहे.

११/
हॉलंडमधील उट्रेख्टच्या धर्मगुरूंनी १७२३ साली रोमच्या संमतीविना आपला आर्चबिशप निवडला आणि पुढच्याच वर्षी एका फ्रेंच बिशपच्या हस्ते त्याला दीक्षा देववली. १८७० साली व्हॅटिकनच्या परिषदेने पोपच्या अचूकतेचा सिद्धान्त जाहीर केला, तेव्हा तो अमान्य असलेले जर्मन व स्विस कॅथलिकही या वाटेने गेले. ‘जुने कॅथलिक’ म्हणून ते ओळखले जातात. १८८९च्या सप्टेंबरात या सर्वांचा उट्रेख्ट येथे संघ झाला. हे वर्ष लक्षात असू द्या. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, केरळात एका गोवेकराने असेच पाऊल टाकले होते.

१२/
पण थेट तेथे जाण्यापूर्वी मुंबई. १७२० साली इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज पाद्री घालवले आणि रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट बिशपाला आणले. १७८९ साली कारभार पुन्हा गोव्याकडे, आणि १७९१ पासून वाटणी : चार धर्मग्रामांपैकी दोन पाद्रुआदोचे, दोन प्रोपागांदाचे. एकाच गल्लीतील दोन घरे दोन बिशपांची! १८५३ साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चवरून वाद इतका पेटला की बिशप हार्टमान अनुयायांसह आत कोंडून बसला आणि विरोधकांनी बाहेरून वेढा दिला. अखेर सरकारला मध्ये पडावे लागले.

१३/
या भांडणाचा निकाल लावण्यासाठी २३ जून १८८६ रोजी पोप तेरावा लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. नकाशा नव्याने आखला गेला. सावंतवाडी संस्थान गोव्याच्या आर्चबिशपकडेच राहिले. त्यामुळे मालवणी मुलखात फार खळबळ झाली नाही. पण सिलोनमधील आणि दक्षिण कानड्यातील पाद्रुआदो चर्च गोव्यापासून तोडून प्रोपागांदाच्या बिशपांकडे सोपवली गेली. ज्यांच्या पूर्वजांनी घामाने चर्च बांधली होती, त्यांना एका सकाळी कळले की आपला बिशप, आपला पाद्री बदलला. विचारले कोणीच नव्हते.

१४/
सिलोनमध्ये गोवेकर वंशाचे डॉक्टर पेद्रु मानुएल लिस्बोआ पिंटो यांनी या निर्णयाविरुद्ध लोकांना संघटित केले. अर्ज झाले, सभा झाल्या. रोमने मत बदलले नाही. मग कोलंबोतील हुल्ट्सडॉर्फच्या चर्चभोवती जमलेल्या कॅथलिकांनी ठरवले : धर्म सोडायचा नाही, मिस्सा सोडायची नाही, फक्त रोमची हुकमत सोडायची. १८८८ च्या सुमारास ‘सिलोन, गोवा आणि हिंदुस्थानचे स्वतंत्र कॅथलिक चर्च’ आकाराला आले. लोक होते, वास्तू होती. उणीव एकच होती : बिशप. तो त्यांना गोव्यात सापडला.

१५/
आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस. जन्म २९ एप्रिल १८३६, सासष्टीतील वेर्णे. कॅथलिक पाद्री आणि हाडाचा पत्रकार. ‘आ क्रूझ’, ‘आ वेर्दाद’, ‘ओ प्रोग्रेसु द गोवा’ अशी पत्रे त्याने एकामागून एक चालवली. त्यांतून तो सरकारवरही टीका करी आणि चर्चच्या वरिष्ठांवरही. एक पत्र बंद पडले की दुसरे नाव घेऊन हजर. परिणाम व्हायचा तोच झाला : आर्चबिशपने त्याला बहिष्कृत केले.

१६/
पण पणजीतल्या सामान्य माणसाला तो ठाऊक होता तो निराळ्या कारणासाठी. १८७१ साली त्याने दीनदुबळ्यांसाठी मदतसंस्था काढली. निराधार, भिकारी, कुष्ठरोगी यांना आसरा देताना तो जात विचारत नसे आणि धर्मही. खर्च भागेना तेव्हा तो स्वतः दारोदार हात पसरे. पटकीच्या साथीत उपचार कसे करावेत याची पुस्तिका त्याने लिहिली, शाळा चालवली. कास्त्रोच्या ‘आपण’मध्ये जे बसत नव्हते, ते सगळे आल्वारिसच्या पंगतीला होते. त्याच्या गोष्टीतील खरी क्रांती मला येथे दिसते.

१७/
रोमशी नाते तुटल्यावर बिशपपदाची साखळी आणायची कोठून? आल्वारिसला युरोपात जावे लागले नाही. केरळातील सिरियन ख्रिस्ती रोमहूनही स्वतंत्र, अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कला मानणारे, आणि त्यांची बिशप-परंपरा प्राचीन. पॅट्रिआर्क चौथा पीटर याच्या अनुज्ञेने २९ जुलै १८८९ रोजी कोट्टायमच्या जुन्या सेमिनरीत आल्वारिसला दीक्षा मिळाली. दीक्षा देणाऱ्यांत परुमलाचे मार ग्रेगोरिओस होते, जे पुढे १९४७ साली संत घोषित झाले. आल्वारिस आता ‘मार ज्युलियस’ झाला.

१८/
येथे एक लक्षणीय तडजोड झाली. आज्ञा अंत्युखियाची, पण उपासना लॅटिन पद्धतीचीच ठेवण्याची मोकळीक. म्हणजे ज्या मिस्सेची लोकांना बालपणापासून सवय होती, तिला धक्का नाही. सत्ता बदलली, भक्ती तीच राहिली. कानडा किनाऱ्यावर ब्रह्मावर येथे रॉक झेफरिन नोरोन्हा या पाद्र्याच्या मागे कोंकणी कॅथलिकांचा मोठा समुदाय या चर्चमध्ये आला. मूळचे हे लोकही गोव्यातून स्थलांतरित झालेले; सावंतवाडी-मालवणच्या ख्रिस्ती कुटुंबांचेच दक्षिणेकडचे भाऊबंद म्हणा.

१९/
गोव्यात मात्र मार ज्युलियसला सुख लाभले नाही. १८९४ साली त्याने ‘ओ ब्रादु इंदियानु’, म्हणजे ‘हिंदी हाक’, हे पत्र काढले. पुढच्याच वर्षी मराठा शिपायांचे बंड आणि राण्यांचा उठाव झाला, आणि सरकारची त्याच्यावरची नजर अधिकच कडक झाली. त्याला अटक झाली, बिशपची वस्त्रे उतरवून पणजीच्या रस्त्यांवरून नेण्यात आले, कोठडीत डांबण्यात आले. राजद्रोहाचे बालंट आले. या सगळ्यातून सुटल्यावर तो पुन्हा आपल्या भिकाऱ्यांकडे आणि रोग्यांकडे परतला.

२०/
आता जगाच्या नकाशावर एक उडी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात जोसेफ रने व्हिलात नावाचा पॅरिसमध्ये जन्मलेला पाद्री जुन्या कॅथलिकांच्या पंथात काम करत होता. त्याला बिशप व्हायचे होते. युरोपातील मंडळी दाद देईनात. स्वतंत्र कॅथलिक चर्चची वार्ता त्याच्या कानी गेली आणि तो थेट सिलोनला आला. २९ मे १८९२ रोजी कोलंबोत मार ज्युलियसने, केरळातील बिशपांना बरोबर घेऊन, त्याच्या मस्तकी हात ठेवले. वेर्ण्याच्या पाद्र्याकडून परंपरेची एक फांदी अमेरिकेत गेली.

२१/
व्हिलात हा धरसोड्या गृहस्थ होता, यात शंका नाही. त्याने अनेकांना दीक्षा दिल्या, पंथ बदलले आणि अखेर रोमकडे परतला. पण २८ सप्टेंबर १९२१ रोजी शिकागोत त्याने ज्याला बिशप केले, त्याचे नाव जॉर्ज अलेक्झांडर मॅकग्वायर. मूळचा अँटिगा बेटाचा, कृष्णवर्णीय, मार्कस गार्वीच्या चळवळीचा धर्मोपदेशक. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसण्यास कंटाळलेल्यांसाठी त्याने ‘आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च’ स्थापले. पुढे दक्षिण आफ्रिका, युगांडा, केनिया येथे त्याच्या शाखा पोहोचल्या.

२२/
साम्य पाहा. दिवाडीच्या कास्त्रोला वर्णावरून हिणवले गेले होते. तीन शतकांनी, एका गोवेकराकडून आलेली परंपरा अटलांटिकपलीकडच्या कृष्णवर्णीयांना स्वतःचा बिशप देऊन गेली. याच आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचा एक समुदाय सामील झाला. तेथे जॅझचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याला संत मानतात आणि त्याच्याच संगीतावर उपासना चालते. धाग्याच्या आरंभी ज्याचा उल्लेख केला, ते जॅझ-चर्च हेच.

२३/
आज व्हिलातमार्फत आपली साखळी सांगणारे अनेक छोटे स्वतंत्र कॅथलिक समुदाय जगभर आहेत. त्यांतील काही स्त्रियांना दीक्षा देतात, घटस्फोटितांना आणि समलिंगी व्यक्तींना प्रसादाला बोलावतात. पण इतिहासाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३८ साली अंत्युखियाच्या सिरियन पॅट्रिआर्कने व्हिलातकडून आलेल्या या परंपरा आपण मानत नसल्याचे जाहीर केले. आणि मार ज्युलियसला यांतले किती रुचले असते, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. त्याने साखळी दिली; तिचे पुढे काय करायचे, हे प्रत्येक पिढीने आपापले ठरवले.

२४/
२३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात मार ज्युलियसचा अंत झाला. रोमन पाद्र्यांना बोलावू नये, ही त्याची इच्छा होती. त्याचा देह लोकदर्शनासाठी ठेवण्यात आला. रांगेत गरीब आणि भिकारी सर्वाधिक. सांत इनेझच्या स्मशानभूमीत, धार्मिक विधींविना, त्याला मूठमाती मिळाली. चार वर्षांनी चाहत्यांनी त्याच्या अस्थींवर संगमरवरी शिळा बसवली. तिच्यावर त्याला मानवतेचा सेवक आणि थोर देशभक्त म्हटले आहे. कवी-इतिहासकारांच्या लेखण्यांआधी पणजीच्या भिकाऱ्यांनी त्याचे मोल जाणले होते.

२५/
आणि आता नियतीचा खेळ पाहा. ज्या १९२३ साली तो गेला, त्याच वर्षी रोमने तिबुर्तियुस रोश यांना तामिळनाडूतील तुतिकोरीनचे बिशप नेमले. आधुनिक काळातील लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय बिशप. मुंबईला पहिला भारतीय आर्चबिशप, व्हालेरियन ग्रेशस, मिळाला १९५० साली. गोव्याला मुक्तीनंतरही वाट पाहावी लागली. राउल गोन्साल्विस तेथील आर्चबिशप झाले ते १९७८ साली. १६३७ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या विलंबाने आले.

२६/
मालवण किनाऱ्याचे काय झाले? येथील कॅथलिक रोमसोबतच राहिले. २००५ साली सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि सावंतवाडीला बिशपचे पीठ आले. ज्या मुलखात एके काळी नाकारलेल्या बिशपला आडोसा घ्यावा लागला, तेथे आता बिशप उघडपणे नांदतो. ब्रह्मावरचा समुदाय मात्र आजही मलंकार ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये, रोमबाहेर, आपली जुनी पद्धत जपून आहे. मार ज्युलियसच्या अस्थी आता रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत.

२७/
मित्रहो, रोमबाहेरची चर्च सिद्धान्तांच्या वादातूनच जन्मली असे पाठ्यपुस्तकी चित्र असते. उट्रेख्टबाबत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण आपल्या किनाऱ्यावर कारण साधे होते : माणसांना न विचारता त्यांच्या चर्चचा कारभार बदलला गेला, आणि जन्मावरून त्यांची लायकी ठरवली गेली. जेथे नकाशा बदलला नाही, त्या सावंतवाडीत बंड झाले नाही. जेथे बदलला, तेथे झाले. हा फरक नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

२८/
पुढच्या वेळी मुंबई-गोवा महामार्गाने जाताना बांद्याला तेरेखोलचा पूल लागेल, तेव्हा क्षणभर नदीकडे पाहा. या पाण्याच्या अलीकडे देव आले, पाद्री आले, उपाशी कुटुंबे आली; कोणाला हाकलले गेले म्हणून, कोणाला नाकारले गेले म्हणून. ज्यांना पलीकडे जागा नव्हती त्यांना अलीकडे मिळाली. तुमच्या गावातील चर्चविषयी, जुन्या धर्मग्रामांच्या नोंदींविषयी किंवा घरात ऐकलेल्या स्थलांतराच्या हकिगतींविषयी काही ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.